म्हणीतून गळलेले क्रियापद

म्हणीला लेखक नसतो, असे आपण शाळेत शिकलो. ती लोकांच्या तोंडी घडते, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने घासून गुळगुळीत होते आणि म्हणूनच ती शहाणपणाचा अर्क मानली जाते. हे बव्हंशी खरेही आहे. तथापि त्यात एक गोष्ट निसटते. म्हणीला लेखक नसला तरी ती उच्चारणारे तोंड असते, आणि ती ज्याच्यावर येऊन पडते असा एक कानही असतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. पुढे १८९९ मध्ये रेव्हरंड मॅनवेअरिंग ह्यांनी मराठी म्हणींचा स्वतंत्र संग्रह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. ह्या परदेशी मिशनऱ्यांचे आणि कोशकारांचे ऋण मराठी भाषेवर मोठे आहे. पण म्हणींचा कोणताही संग्रह उघडून पाहा. म्हण मिळते, अर्थ मिळतो, मात्र ती कोण कोणाला, कोणत्या वेळी ऐकवीत असे, त्यावेळी कोण पाटावर बसले होते आणि कोण चुलीपुढे वाकले होते, हे तिथे नसते. संग्रहात आलेली म्हण ही दाबून वाळवलेल्या फुलासारखी असते. तिचा वास कुठून येत होता ते कळत नाही.

स्त्रियांच्या घरकामाविषयी मराठीत ज्या म्हणी आणि बोल रूढ आहेत, त्यांच्याबाबतीत तर हे विशेष जाणवते. आज त्या ऐकल्या की शिकलेली मुलगी चिडते आणि वडीलधारी माणसे म्हणतात, ‘अगं, जुन्या काळची म्हण ती, एवढी काय मनाला लावून घेतेस!’ दोघांनाही म्हण नीट वाचावीशी वाटत नाही. मला वाटते, एकदा ती वाचून पाहावी. म्हणजे तिच्यात काय आहे ह्यापेक्षा तिच्यातून काय गळले आहे, ते पाहावे.

‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध बोल. तीन क्रियापदे, तीनही आज्ञार्थी. कर्ता नाही, कर्म जवळजवळ नाही. कोणासाठी रांधायचे, कोणाला वाढायचे, कोणाचे उष्टे, काही सांगितलेले नाही, कारण ते सांगण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. पण स्वयंपाकघरातला खरा क्रम डोळ्यांपुढे आणला तर ध्यानात येते की, वाढणे आणि उष्टी काढणे ह्यांच्यामध्ये आणखी एक क्रियापद असायला हवे. ते म्हणजे जेवणे. ते म्हणीत नाही. पुरुष जेवले, मुले जेवली, आले-गेले जेवले, हे गृहीत धरून म्हण थेट उष्ट्या ताटांवर येते. आणि रांधणारी कधी जेवली, काय उरले होते, भाताच्या तळाची खरपड की नुसती आमटी, ह्याची विचारपूस म्हण करीत नाही. तीन क्रियापदांच्या ह्या बोलात एका आयुष्याची दिनचर्या आहे, आणि त्या दिनचर्येत त्या बाईची भूक तेवढी नाही.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. हा बोल पुरुषांच्या तोंडी फारसा नसतो. तो मुख्यतः बायकांच्याच तोंडचा आहे. ‘सगळा जन्म रांधा, वाढा, उष्टी काढा करण्यात गेला,’ असे म्हातारी बाई दाराच्या पायरीवर बसून म्हणते, तेव्हा ती आज्ञा राहत नाही, ती साक्ष होते. दुसऱ्यांनी दिलेल्या आज्ञेचे शब्द जसेच्या तसे उचलून तिने त्यांचे गाऱ्हाणे केलेले असते. व्याकरण तेच, आज्ञार्थच. पण आता त्यात आज्ञा करणाऱ्याचे नाव न घेता त्याच्याकडे बोट दाखविलेले असते. म्हणींची पुस्तके हा फरक टिपत नाहीत.

‘चूल आणि मूल’ ह्याचे तसे नाही. ह्यात क्रियापदच नाही. दोन नामे, आणि त्यांना बांधणारे यमक. यमकाची शक्ती फार मोठी असते. चूल आणि मूल हे शब्द कानाला इतके जुळतात की, त्या दोन गोष्टी निसर्गानेच जुळविल्या आहेत असे वाटू लागते. जर्मन भाषेतही असाच एक बोल आहे. त्यात ‘क’ने सुरू होणाऱ्या तीन शब्दांनी बाईचे जग आखले जाते: मुले, स्वयंपाकघर आणि चर्च. आपल्या मराठी म्हणीने देवळाला त्यात घेतले नाही, जर्मनांनी घेतले. चर्च बाईसाठी घराचीच तिसरी खोली ठरली, म्हणजे तिथेही फुले लावणे, वेदीवरचे कपडे धुणे-इस्त्री करणे हीच तिची कामे, असा त्याचा अर्थ निघतो. वाचन आणि वेदीसेवा ह्या दोन सेवापदांवर स्त्रियांची रीतसर नेमणूक करण्यास पोप फ्रान्सिस ह्यांनी जानेवारी २०२१ मध्ये मोकळीक दिली, हे लक्षात घेतले म्हणजे जर्मन बोल अगदीच दूरचा वाटत नाही.

पण ‘चूल आणि मूल’ हे कधी खरे तरी होते काय? आपल्या किनाऱ्याकडेच पाहू. कोळीवाड्यात होडी समुद्रात नेणारा पुरुष आणि मासळी विकणारी बाई अशी कामाची वाटणी होती. भाव ठरवणे, उधारी लक्षात ठेवणे, पैसा कनवटीला बांधून घरी आणणे, हे सारे तिचे काम. वसईच्या वाडीत केळी, भाजी, फुले ह्यांच्या मशागतीत बाईचा हात पुरुषाच्या बरोबरीने असे. आणि पहाटे टोपली डोक्यावर घेऊन मुंबईच्या बाजाराची गाडी पकडणाऱ्या आपल्या बाया कोणी पाहिल्या नाहीत? ह्या बायांच्या घरीसुद्धा ‘बाईने चूल आणि मूल सांभाळावे’ हा उपदेश चालतच होता. म्हणजे म्हण वस्तुस्थिती सांगत नव्हती. बाई बाजारात जे कमावते ते काम मोजायचे नाही आणि चुलीपाशी जे करते त्याला काम म्हणायचे नाही, अशी दुहेरी सोय तिने करून ठेवली होती. बाईने शेत राखले तरी ती ‘घरच्यांना हातभार’ लावीत असे. घरधनी मात्र शेतकरी.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे सर्वांना पाठ आहे. तिचा उत्तरार्ध, ‘रांधता येईना ओली लाकडे’, थोडा मागे पडला. पूर्वार्ध कोणालाही लागतो: विद्यार्थ्याला, गवंड्याला, पुढाऱ्याला. उत्तरार्ध मात्र एकाच व्यक्तीला लागतो. आणि त्यात आरोप आधीच सिद्ध झालेला आहे: लाकडे ओली नाहीतच, ही सबब सांगते आहे! आता ज्याने उत्तर कोकणातला आषाढ पाहिला आहे त्याला विचारावे. पडवीत रचलेले सरपणसुद्धा त्या दिवसांत सादळते. फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल होतात आणि धूर माळ्यापर्यंत जातो. लाकडे खरोखरच ओली असतात! ती कोणी आणली, वेळेवर का तोडून ठेवली नाहीत, हा प्रश्न म्हणीला पडत नाही. चुलीचा आणि तत्सम इंधनांचा घरात कोंडलेला धूर २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यूंना कारण झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या धुरात सर्वांत जास्त वेळ उभी असते ती बाई आणि तिच्या कडेवरचे मूल. तेव्हा ‘ओली लाकडे’ ही तक्रार होती, सबब नव्हती. आणि ऐकणाऱ्यांनी तिची थट्टा केली. ‘बायकांची अक्कल चुलीपुरती’ म्हणणाऱ्याने एकदा आठ माणसांच्या तांदळात अकरा पाने उठवून दाखवावीत, म्हणजे चुलीपुरती अक्कल किती लागते ते कळेल. असो.

निंदेच्या म्हणी ओळखायला सोप्या असतात. स्तुतीच्या अवघड. घरची लक्ष्मी, अन्नपूर्णा, सुगरण. हात फिरे तेथे लक्ष्मी वसे. पाळण्याच्या दोरीने जगाचा उद्धार होतो असे सांगणारे ते वचन, जे प्रत्येक महिला मेळाव्यात एकदा तरी ऐकावे लागते. ह्यांत वाईट काय, असे कोणी विचारील. स्तुतीत वाईट काही नाही. परंतु ज्या कामाची अशी आरती ओवाळली जाते त्याचा हिशेब मागायला जीभ रेटत नाही. लक्ष्मीला पगार कसा द्यायचा? अन्नपूर्णेला सुट्टी कशी असेल? स्तुती आणि निंदा ह्या दोन वाटा एकाच उंबरठ्याशी येऊन मिळतात: निंदा सांगते की हे काम क्षुद्र आहे, म्हणून त्याला मोल नाही, स्तुती सांगते की ते पवित्र आहे, म्हणून त्याला मोल लावू नका.

मोल न लावण्याचे हे धोरण सरकारी कागदांतही उतरले. अपघातात मरण पावलेल्या गृहिणीच्या नुकसानभरपाईचा एक खटला २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे होता. जनगणनेत घरकाम करणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना ‘काम न करणाऱ्यां’मध्ये घालून भिकारी, वेश्या आणि कैदी ह्यांच्या पंक्तीला बसविले आहे, ह्याकडे त्या निकालपत्रात न्यायालयाने तीव्र शब्दांत लक्ष वेधले. २०२१ साली दुसऱ्या एका निकालात गृहिणीच्या श्रमाचे उत्पन्न धरलेच पाहिजे, हे न्यायालयाने पुन्हा बजावले. आणि हे श्रम किती? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातल्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवीत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. हा पुरुषांचा आकडा जे काही तरी करीत होते त्यांचाच. मुळात असे काम करणारे पुरुष शंभरात २६ होते, स्त्रिया ८१. लक्ष्मीचा हात कुठे कुठे फिरतो, ते ह्या मिनिटांत दिसते. स्तुतीपेक्षा आभार वेगळे असतात, आणि आभारांपेक्षा कबुली वेगळी. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी जून १९९५ मध्ये जगातील स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात आई, पत्नी, मुलगी, कामकरी स्त्री अशा एकेकीचे आभार मानले. पण तेवढ्यावर न थांबता स्त्रियांना दुय्यम ठरविण्यात ख्रिस्तसभेतल्या लोकांचाही वाटा असल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्या दुसऱ्या वाक्यामुळे पहिल्या वाक्याला वजन आले.

आता एका अशा म्हणीकडे वळतो, जी ऐकताना आजही अंगावर काटा येतो. ‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची?’ हिच्यात करुणा आहे, हे नाकारता येत नाही. बहुधा कोणा शेजारणीने मार खाल्लेल्या बाईची समजूत घालताना हे शब्द वापरले असतील. दुसरे काही देण्यासारखे तिच्यापाशी नव्हते. पण नैतिक दृष्टीने पाहिले तर ही म्हण एक भयंकर गोष्ट करते: नवऱ्याला पाऊस बनवते. पावसाला हेतू नसतो, म्हणून त्याला दोष नसतो. पाऊस पापनिवेदनाला जात नाही. हात उगारणारा माणूस मात्र त्या क्षणी थांबू शकत होता. त्याने थांबायचे नाही असे ठरविले. त्याचे पाप हवामान म्हणून खपविणे हा त्याच्यावरही अन्याय आहे, कारण पश्चात्तापाची वाटच त्याने बंद होते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. तेव्हा दाद कोणाकडे मागायची ह्या प्रश्नाला निदान कागदावर उत्तर मिळाले. तरी पॅरिशमध्ये अशी प्रकरणे येतात तेव्हा ‘थोडे सहन कर, त्याचा स्वभावच तसा’ हे पहिले वाक्य असते. ‘स्वभाव’ हा पावसाचाच नवा शब्द.

इतके लिहिल्यावर एक शंका उरते. ह्या म्हणी मुलींच्या कानी घातल्या कोणी? बापाने क्वचित, आईने आणि आजीने नेहमी. मग त्या पुरुषांनी लादल्या असे कसे म्हणावे? मला वाटते, आईला मुलगी दुबळी व्हावी असे वाटत नव्हते. सासरी तिचे काय होणार ते तिला ठाऊक होते आणि मार कमी बसावा म्हणून ती तिला आधीच वाकायला शिकवीत होती. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण तर सबंध घराचा नकाशाच आहे: सासूला सुनेशी सरळ बोलता येत नाही, सुनेला सासूशी बोलता येत नाही, आणि लेक बिचारी दोघींच्या मधला निरोप्या. ज्या घरात दोन बायकांना एकमेकींशी सरळ बोलण्याइतकीही सत्ता नाही, तिथे भांडण त्यांच्यातच लावून बाकीचे निश्चिंत बसतात.

बायकांनी उत्तर दिलेच नाही असेही नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून बाईला चिकटविलेला एकेक दुर्गुण उचलून विचारले, हा पुरुषांत नाही काय? आणि ज्या लिहू शकत नव्हत्या त्या जात्यावर बसून ओव्या गात होत्या. साने गुरुजींनी त्या ‘स्त्रीजीवन’मध्ये गोळा केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ ह्यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या त्या लाखावर गेल्या. म्हण चारचौघांत, दिवसाउजेडी बोलली जाते. ओवी पहाटे, घरातले पुरुष झोपलेले असताना. म्हण शाळेच्या पुस्तकात गेली, ओवी जात्याबरोबर अडगळीत जाऊ लागली.

आपल्या धर्मग्रंथातही म्हणींचे एक पुस्तक आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यातही भांडखोर बायकोची तुलना गळक्या छपराशी केलेली आढळते. तेव्हा दुसऱ्यांच्या म्हणींना नावे ठेवताना जरा जपून. पण त्याच नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात, लग्नाच्या मिस्सात वाचले जाते ते सद्‌गुणी स्त्रीचे वर्णन येते. आपण त्यातले पहाटे उठणे आणि दिवा न मालवणे तेवढे ध्यानात ठेवले. ती बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते, हे मात्र ऐकून न ऐकल्यासारखे केले. तिच्या हातांचे फळ तिला मिळावे, असा शेवट आहे. आणि हा अध्याय सुरू होतो तो एका राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीने. म्हणजे ही शिकवण मुलीच्या कानी घातलेली नाही, मुलाच्या घातलेली आहे.

शुभवर्तमानात तर आणखी विलक्षण गोष्ट आहे. तिबिर्याच्या सरोवराकाठी पुनरुत्थित प्रभू येशूने स्वतः निखारे पेटवून मासळी भाजली आणि रात्रभर जाळे टाकून दमलेल्या शिष्यांना भाकर वाढली. त्याआधी पाच हजारांच्या पंगतीनंतर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून ते त्याने गोळा करवून घेतले. बारा टोपल्या भरल्या आणि त्या भरल्या पुरुषांनी. रांधणे, वाढणे, उरलेसुरले गोळा करणे, तिन्ही झाले. कोणी म्हणेल, चमत्काराची तुलना भांडी घासण्याशी कशाला? संत योहानाने निखारे, मासळी, तुकडे, टोपल्या इतक्या बारकाईने नोंदविले, ते काही उगीच नसेल. आणि सरोवराकाठी त्याने शिष्यांना जे सांगितले ते तर आपल्या म्हणीतून गळलेले चौथे क्रियापदच: जेवा.

एका म्हणीविषयी बोलायचे राहिले. ‘मुलगी म्हणजे परक्याचे धन.’ घरकामाच्या साऱ्या शिकवणीचे मूळ हिच्यात आहे. माल दुसऱ्याच्या घरी जायचा, म्हणून तो तिथल्या मापाने घडवायचा. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी ह्यांना सारखा वाटा मिळतो. कायदा शंभर वर्षांचा झाला. तरी बाप गेल्यावर बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करून माहेरची माया राखायची, हा रिवाज वसईत काय, अन्यत्र काय, अजून टिकून आहे. सही केली नाही तर भाऊ तुटतो. म्हण अशी कागदावर उतरते, मुद्रांकासहित.

ह्या म्हणी पुस्तकांतून काढून टाकाव्यात, असे मला वाटत नाही. काढून टाकल्या तर आपल्या आज्यांची साक्षही पुसली जाईल. शिवाय जुन्या म्हणी काढल्या तरी नव्या घडायच्या थांबत नाहीत. हल्ली स्थळ पाहताना मुलाकडची मंडळी नोकरीबद्दल विचारतात आणि मुलीची आई अभिमानाने उत्तर देते, ‘करते ना, पण घर सांभाळून.’ हे ‘घर सांभाळून’ आता मुलीच्या माहितीपत्रकात शिक्षणाइतकेच आवश्यक झाले आहे. मुलाच्या आईला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार गाडीच्या महिला डब्यात अंधेरी गेली की पिशव्यांतून कोथिंबीर, मेथी आणि मटारच्या शेंगा बाहेर निघतात. मांडीवर वर्तमानपत्र पसरले जाते, आणि नालासोपारा येईपर्यंत रात्रीची भाजी निवडून झालेली असते.